धरणाच्या आजूबाजूची जमीन कशामुळे बदलते? फक्त पाण्यामुळे?

धरणाभोवतीची पिकं, गायरानं, वस्त्या बदलतात ते पाण्यामुळेच की त्यामागं माणसांची, पैशांची कारणं असतात, असं तुम्ही विचारलंय. मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातला. आमची जमीन पाणी यायच्या कितीतरी वर्षं आधीच बदलली होती.

राजीव गांधींच्या हस्ते धरणाचं भूमिपूजन झालं २२ एप्रिल १९८८ ला. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हाही काम चालूच होतं. गाव जाणार हे पक्कं. केव्हा, ते कोणी सांगेना. जाणाऱ्या गावात विहीर कोण खोदणार? बँक कर्ज देईना. पुनर्वसनाची अधिसूचना लागली की खरेदी-विक्रीला, वाटणीलाही परवानगी लागते, त्यामुळे पोरीच्या लग्नाला एकरभर विकायची सोय राहिली नाही. बाबा दर उन्हाळ्यात बांधीचे, म्हणजे धानाच्या शेताचे, फुटके धुरे (बांध) स्वतः माती टाकून बांधत. ते त्यांनी सोडलं. तीन-चार पावसाळ्यांत बांधीत पाणी थांबेना, धान गेला, तिथं आम्ही तूर टाकू लागलो. काहींनी मोबदल्यात झाडांचे पैसे मिळतात म्हणून शेतात झाडंच लावली. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

मोबदला आला तो तुकड्यातुकड्यानं, आणि आला तेव्हा सगळ्यांनाच एकदम जमीन हवी होती. शेजारच्या गावांत भाव असे चढले की आमच्या चार एकरांच्या पैशात दीड एकरही बसेना. मग कोणी घर बांधलं, कोणी ट्रॅक्टर घेतला, कोणाचं पोरगं बुटीबोरीला कंपनीत लागलं. गाव सोडलेल्यांची उरलेली शेतं मक्त्यानं, म्हणजे सालाच्या भाड्यानं गेली, आणि एका सालाच्या मक्तेदाराला शेणखत टाकून काय मिळणार?

कालव्याखाली उन्हाळी धान वाढला, तो पाण्यानं हे खरं. पण हमीभावाचं खरेदी केंद्र नसतं तर इतका वाढला नसता. लाखोरी (लाखेची डाळ), जवस यांना तशी खात्री नाही. पूर्वी उभ्या धानातच लाखोरी फेकायचो. नुसत्या ओलीवर यायची, वर बैलांना कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, मिळायचं. लाखोरी गेली, कुटार गेलं, गायरान बुडालं, मग बैल विकले.

सगळ्यात जास्त मनाला लागतं ते ढिवरांचं, म्हणजे नदीवर मासेमारी करणाऱ्या समाजाचं. उन्हाळ्यात वैनगंगेच्या रेतीत त्यांच्या डांगरवाड्या, म्हणजे खरबूज-टरबुजांच्या वाड्या असायच्या. हातभर खड्डा, तळाशी शेणखत, त्यात वेल, आणि बाजूला रेतीत खणलेल्या झिऱ्यातून गुंडानं (घागरीनं) पाणी. ती रेती कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून तिचा मोबदलाही कोणाला मिळाला नाही. नकाशावर तिथं आधी नदी होती, आता जलाशय आहे. मधली शेती कुठंच दिसत नाही. अभ्यासाला येणार असाल तर उपग्रहाच्या चित्रांसोबत तलाठ्याकडचे फेरफार पाहा आणि ढिवर मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायांशी बोला.

त्यांच्यातली काही घरं आता पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत हरभरा टाकतात. पाणी किती दिवस खाली राहणार, हे त्यांना कोणी सांगत नाही. मागं एकदा घाट्यावर आलेला हरभरा रातोरात पाण्यात गेला. सकाळी बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून तो उपटत होत्या.