पगार वेळेवर मिळत असूनही नोकरीत मन का खचते?
कारण नेमणूकपत्राबाहेरही एक करार असतो, न लिहिलेल्या परस्पर अपेक्षांचा. संघटनांमधील वर्तनाचे अभ्यासक क्रिस आर्गिरिस यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली आणि त्याच क्षेत्रातील अभ्यासक डेनिस रूसो यांनी १९८९ मध्ये ती कर्मचाऱ्याच्या मनातील समजुतीच्या अंगाने विकसित केली. तिला मानसशास्त्रीय करार म्हणतात. गोव्यातील कळंगुटच्या हॉटेलात नाताळ-नववर्षाच्या गर्दीत साप्ताहिक सुटी सोडून राबणारा कर्मचारी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी जाण्यासाठी रजा मिळेलच असे धरून चालतो, कारण मालकाच्या वागण्यातून त्याला तसे वाटलेले असते. ती ऐनवेळी नाकारली, तर प्रश्न चार दिवसांच्या रजेचा उरत नाही. विश्वास तुटतो, झोप उडते, कामावरून मन उठते. माझ्या मते यात मालकाच्या मौनाचा दोष अधिक आहे. रजा देणे खरोखरच अशक्य असेल, तर त्याने ते जुलैतच, कारणासह सांगावे.