बोडीला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

कॅलिफोर्नियातलं बोडी हे सोन्याच्या खाणीचं, आता ओसाड पडलेलं गाव साधारण 8,400 फुटांवर आहे. तिथे पेट्रोल नाही, खाणं नाही. टाकी जवळच्या ब्रिजपोर्ट किंवा ली व्हायनिंग गावातच भरा आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. महामार्ग 395 वरून रस्ता क्र. 270 ला वळलात की 13 मैल; शेवटचे 3 कच्चे. तिथे गाडी हळू हाका, वेगात टायर फुटतो. सावली जवळजवळ नाही. विरळ हवेत डोकं धरतं, म्हणून माणशी दोन-तीन लिटर पाणी आणि टोपी हवीच. दुपार तापली तरी जॅकेट सोबत ठेवा. बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने) टायोगा खिंडीमार्गे येणार असाल तर ती हिवाळ्यात बंद असते, हे धरून चाला. सोन्याचं खनिज कुटायची जुनी गिरणी आतून फक्त मार्गदर्शकासोबत दाखवतात. पोचल्यावर आधी तिचीच वेळ विचारा. बहुतेक घरं खिडकीतूनच बघायची. गंजका खिळासुद्धा उचलायचा नाही, तो गुन्हा आहे.