जुनी पेन्शन खरंच परवडत नाही का? पेन्शनच्या टेबलावर १९ वर्षं बसलेल्या माणसाचं उत्तर

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही २०१२ ला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलात. खासगी कंपनीतला मित्र म्हणतो, जुनी पेन्शन मागणं म्हणजे करदात्याच्या खिशात हात घालणं. संघटनेतले सहकारी म्हणतात, जुन्या पेन्शनपेक्षा तसूभरही कमी घ्यायचं नाही. आणि तुम्हाला कळेना की कोणाचं खरं मानायचं. मी एका जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ३३ वर्षं काढली, त्यातली १९ पेन्शनच्या टेबलावर. मला स्वतःला जुनी पेन्शन मिळते, हे आधीच सांगून टाकतो. उत्तर लांबेल, पण हा विषय दोन ओळींत संपणारा नाही.

२०१४ सालची गोष्ट. एका शिक्षकाची पत्नी कार्यालयात आली. कापडी पिशवीत सेवापुस्तकाची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला, पासबुक, सगळं नीट लावून आणलेलं. शिक्षक मोटरसायकलच्या अपघातात गेले होते, नोकरी आठ वर्षांची. त्यांच्याच केंद्रातल्या (शाळांच्या गटातल्या) एक बाई वर्षभर आधी आजाराने गेल्या होत्या आणि त्यांच्या घरी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं होतं. ताईंनी एवढंच विचारलं, "साहेब, त्यांच्याकडे सुरू आहे, मग आमच्याकडे का नाही?" उत्तर एका तारखेत होतं. बाई जून २००५ मध्ये रुजू झालेल्या, हे २००६ मध्ये. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद करून अंशदान योजना (दरमहा पगारातून कापून पेन्शनसाठी पैसे जमवायची) लावली, आणि त्या योजनेत सेवेत असताना माणूस गेला तर घराला फक्त खात्यावर जमलेली रक्कम. आठ वर्षांत जमून जमून किती जमणार? त्यातही तीन वर्षांच्या कपातीचा हिशेब लागत नव्हता, कारण पगारातून पैसे कापले होते पण त्यांच्या हिशेबाच्या चिठ्ठ्याच निघाल्या नव्हत्या. ती तीन वर्षं शोधायला मला पाच महिने लागले. तोवर ताई दर पंधरवड्याला एसटीने येत होत्या.

हे आधी सांगितलं, कारण जुन्या पेन्शनचं आंदोलन आळशी लोकांच्या हावेतून उभं राहिलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या बाजूचं काही पाहिलेलं नसतं. सेवेत मृत्यू पावलेल्यांच्या घरांसाठी २०१८ मध्ये १० लाखांच्या सानुग्रह मदतीचा निर्णय झाला, तोही १० वर्षांच्या आत गेलेल्यांपुरता. अंशदान योजनेतल्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मान्य व्हायला मार्च २०२३ उजाडला. म्हणजे साडेसतरा वर्षं. आंदोलनं झाली नसती तर तेही झालं नसतं, हे मी खात्रीने सांगतो.

आता मूळ फरक. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं निवृत्तिवेतन, त्यावर महागाई भत्ता, वेतन आयोग आला की तेही सुधारून मिळणार. तुमच्या पगारातून त्यासाठी एक रुपया कापला जात नाही. तुमचा जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) वेगळा, तो तुमचा तुम्हाला व्याजासह परत. तुमच्या पश्चात पत्नीला, पात्र मुलांना, दिव्यांग अपत्य असेल तर त्याला हयातभर. नव्या योजनेत, म्हणजे आधीची अंशदान योजना आणि आताची एनपीएस, तुमच्या मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के कापले जातात, सरकार आधी १० टक्के घालायचं, आता १४ घालतं, आणि तो पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीला ६० टक्क्यांपर्यंत रोख, उरलेल्या किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून ठरलेली पेन्शन, विकत घ्यायची.

हिशेब मांडून बघा. समजा, निवृत्तीच्या दिवशी तुमच्या खात्यावर ५० लाख जमले. ४० टक्के म्हणजे २० लाखांची वार्षिकी. साडेसहा टक्के दर धरला तर वर्षाला १ लाख ३० हजार, महिन्याला १०,८०० च्या आसपास. ३० लाख हातात आले हे खरं, पण त्यात मुलीचं लग्न, घराचं उरलेलं कर्ज, आणि ते पैसे सांभाळायची अक्कल ६० च्या उंबरठ्यावर आपणच आणायची. सगळेच्या सगळे ५० लाख वार्षिकीत टाकले तरी २७,००० च्या घरात येतात. आणि नेहमीच्या वार्षिकीत तो आकडा पुढची २५ वर्षं तेवढाच राहतो, महागाई भत्ता नाही. तुमच्या शेजारच्या खोलीत शिकवणारे, तुमच्याएवढाच पगार घेणारे पण २००४ ला लागलेले गुरुजी मूळ पगार ६०,००० असताना निवृत्त झाले तर ३०,००० अधिक महागाई भत्ता घेतील, आणि दर वर्षी तो वाढत जाईल.

म्हणून माझ्या मते हा वाद पैसे कमी की जास्त एवढ्यापुरता नाही. बाजार कोसळला तर काय, महागाई वाढली तर काय, माणूस ९२ वर्षं जगला तर काय, हे तीन घोर आधी सरकार वाहत होतं. २००५ मध्ये ते एका शासन निर्णयाने एकट्या कर्मचाऱ्याच्या डोक्यावर ठेवले. एक शिक्षक आपण किती जगणार याचा अंदाज बांधू शकत नाही. पाच-सहा लाख कर्मचाऱ्यांचं मिळून सरासरी आयुष्य किती, हे सरकारला काढता येतं. ओझं ज्याला पेलतं त्याने उचलावं, एवढंच म्हणणं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ ला नकारा खटल्यात स्पष्ट केलं होतं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिशी नाही, केलेल्या सेवेतून आलेला तो हक्क आहे. आमच्या कार्यालयात दर १७ डिसेंबरला पेन्शनर दिन व्हायचा तो त्यामुळेच.

पण तुमचा मित्र पूर्ण चुकतोय असंही मी म्हणणार नाही, आणि इथे संघटनेतल्या माझ्या जुन्या सोबत्यांना राग येईल याची मला कल्पना आहे.

जुन्या योजनेत सरकार पैसा बाजूला काढून ठेवत नाही. आज निवृत्त असलेल्याची पेन्शन आजच्या महसुलातून जाते. महाराष्ट्रात पगार, पेन्शन आणि कर्जावरचं व्याज यांतच महसुली जमेचा निम्म्याहून जास्त वाटा जातो. माणसं जास्त जगू लागलीत ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण त्यामुळे पेन्शन जास्त वर्षं द्यावी लागते. २००५ नंतर लागलेल्यांपैकी बहुतेक २०३० नंतरच्या दशकांत निवृत्त होणार. म्हणून आज एखाद्या मुख्यमंत्र्याने जुनी पेन्शन जाहीर केली तर त्याच्या कारकिर्दीत खर्च फारसा वाढतच नाही. उलट दर महिन्याला भरावे लागणारे १४ टक्के वाचतात. टाळ्या आत्ता, बिल २० वर्षांनी. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये हाच मुद्दा मांडला: सगळी राज्यं जुन्या योजनेकडे गेली तर लांब पल्ल्यात पेन्शनचा बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो. त्या आकड्यामागच्या गृहीतकांवर वाद घाला, घालायलाच हवा. पण दिशा चुकीची आहे असं मला हिशेबनीस म्हणून म्हणता येत नाही.

राजकारण्यांचं म्हणाल तर कोणत्याही पक्षाचे हात कोरडे नाहीत. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून नवी योजना आणली ती वाजपेयी सरकारने. महाराष्ट्रात २००५ मध्ये ती आणली काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना. २०१३ मध्ये पेन्शन प्राधिकरणाचा कायदा मनमोहनसिंग सरकारने केला. मग २०२२ मध्ये राजस्थान आणि छत्तीसगडमध्ये त्याच काँग्रेसने जुनी पेन्शन परत आणली, पुढे हिमाचलमध्येही. पंजाबमध्ये 'आप'ने तोच रस्ता धरला. तिथे कर्मचाऱ्यांचे नव्या योजनेत साठलेले पैसे राज्यांनी परत मागितले, तेव्हा केंद्राने सांगितलं की कायद्यात तशी तरतूद नाही. आपल्याकडे डिसेंबर २०२२ ला नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी सभागृहात सांगितलं की जुनी पेन्शन देणार नाही, १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. जानेवारीत शिक्षक-पदवीधर मतदारसंघांचा प्रचार सुरू झाला आणि "आम्ही नकारात्मक नाही" अशी भाषा आली. फेब्रुवारीत नागपूरची शिक्षकांची जागा महाविकास आघाडीच्या पाठिंब्यावर उभे असलेले सुधाकर अडबाले घेऊन गेले. मार्चमध्ये १४ ते २० तारखेपर्यंत "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत राज्य बंद पडलं. सरकारने सुबोध कुमार, के. पी. बक्षी आणि सुधीर श्रीवास्तव यांची समिती नेमली. तेच राज्य, तीच तिजोरी. मतपेटी जवळ आली तसा सूर बदलला.

आता करदात्याचा मुद्दा. माझा धाकटा भाऊ साखर कारखान्यात होता. २४ वर्षं बॉयलर विभागात. त्याला ईपीएस-९५ ची, म्हणजे खासगी आणि सहकारी नोकरदारांच्या पीएफसोबतची, पेन्शन आहे, महिन्याला ३,००० च्या आसपास. हा आकडा चुकलेला नाही, मी स्वतः तपासलाय. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवा भागिले ७०, आणि पगाराची मर्यादा आधी ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. त्यावर महागाई भत्ता नाही. मिळाली त्या दिवशी जेवढी होती, आज तेवढीच. या योजनेत किमान पेन्शन १,००० रुपये आहे, तीही २०१४ पासूनची. एसटीचे चालक-वाहक, सूतगिरणीचे कामगार, सहकारी बँकांचे शिपाई, सगळे याच रांगेत. बुलढाण्यातून उभ्या राहिलेल्या ईपीएस पेन्शनरांच्या लढ्याची मुख्य मागणी ७,५०० अधिक महागाई भत्ता ही आहे. त्याच्याही खाली श्रावणबाळ योजनेतले १,५०० रुपये. शेतमजूर म्हातारीला तेवढेच, तेही तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला तर.

भाऊ दिवाळीला माझ्याकडे आला होता. संपाच्या गप्पा निघाल्या तेव्हा तो म्हणाला, "दादा, तुमचं मिळू दे, पण आमच्याबद्दल तुमच्या मोर्च्यात कधी कोण बोललं?" मला उत्तर देता आलं नाही. तो बाजारात मीठ घेतो, साबण घेतो, कर त्याच्याही खिशातून जातो. तुमचा मित्र जे चिडून बोलतो ते माझा भाऊ शांतपणे बोलला. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ईपीएसची किमान पेन्शन आणि श्रावणबाळची रक्कम आपल्या मागणीपत्रात पहिल्या पानावर घ्यावी. तसं झालं तर करदाता समोरच्या बाजूला उभा राहणार नाही. आणि ज्यांना आमदारांच्या पेन्शनचा राग येतो, त्यांचा राग मला पटतो. एकच टर्म झालेल्या माजी आमदाराला महिन्याला ५०,००० मिळतात आणि २४ वर्षं बॉयलरपुढे उभ्या राहिलेल्याला ३,०००, हे कोणाला कसं समजावून सांगायचं?

मग करायचं काय? मला हमी हवी आहे, आणि त्या हमीमागे दर महिन्याला बाजूला काढलेला पैसाही हवा आहे. नुसती हमी असेल तर उद्या एखादं सरकार २००५ सारखा निर्णय एका रात्रीत पुन्हा घेईल. नुसती गुंतवणूक असेल तर त्या ताईंसारखी घरं उघड्यावर पडतात. त्या दृष्टीने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेली यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना) मला योग्य दिशेची वाटते. शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराचे ५० टक्के, अधिक महागाई दिलासा. कर्मचाऱ्याचे १० टक्के राहतातच, सरकारचा वाटा १८.५ टक्के. महाराष्ट्राने त्याआधी मार्च २०२४ मध्ये आपली सुधारित योजना जाहीर केली होती, तीही ५० टक्के आणि कुटुंबाला त्याच्या ६० टक्के.

पण डोळे मिटून सही करू नका. यूपीएसमध्ये पूर्ण ५० टक्क्यांसाठी २५ वर्षं सेवा लागते, त्याखाली त्या प्रमाणात. २५ वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन लगेच सुरू होत नाही, तुम्ही नियमित ज्या तारखेला निवृत्त झाला असता तेव्हा सुरू होते. निवृत्तीनंतर माणूस गेला तर कुटुंबाचा लाभ जोडीदारापुरता आहे. घरी दिव्यांग मूल असेल तर जुन्या योजनेतलं हयातभराचं संरक्षण इथे नाही, आणि यूपीएसमधली मला सर्वात जास्त खटकणारी गोष्ट हीच. संघटनांनी या एका मुद्द्यावर तरी तडजोड करू नये.

आणि जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची पण नेमणूक नंतरची, अशा सुमारे २६,००० कर्मचाऱ्यांना जानेवारी २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. तुम्ही २०१२ चे, तुम्हाला तो लागू नाही. पण तो पर्याय ठरलेल्या मुदतीत द्यायचा होता, तेव्हा तुमच्या केंद्रात असा कोणी असेल तर त्याने तो वेळेत दिला होता का ते विचारा, आणि जाहिरातीचं कात्रण व नेमणुकीचा आदेश जपून ठेवायला सांगा.

तुम्ही मात्र विकल्प भरायच्या आधी एक काम करा. प्रान खात्याचं (एनपीएसमधल्या तुमच्या कायम क्रमांकाच्या खात्याचं) विवरण काढा आणि रुजू झाल्यापासूनच्या पगारपत्रकांतली कपात त्याच्याशी ताडून बघा. सुरुवातीच्या वर्षांची रक्कम अंशदान योजनेतून एनपीएसमध्ये वर्ग झालेली आहे, आणि घोळ नेमका तिथेच असतो. सरकारचा वाटा आणि व्याज दोन्ही आलंय का ते बघा. वारसनोंद तपासा, कारण लग्नाआधी आईवडिलांचं नाव घातलेलं अनेकांचं तसंच राहून जातं. कमी-जास्त दिसलं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून येऊ नका. तुमची मूळ वेतनाची पातळी, जन्मवर्ष आणि खात्यावरची शिल्लक इथे लिहिलीत तर एनपीएस, यूपीएस आणि राज्याची सुधारित योजना या तिन्हींचा हिशेब मी मांडून देतो. रविवारी सकाळी मला वेळ असतो.