'आनुवंशिक' की 'जनुकीय'? आणि तोंड 'येणे'

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या भाच्याला रक्ताचा कॅन्सर झालाय, किमो चालू आहे. दवाखान्यातून मिळालेल्या मराठी पत्रकात लिहिलंय, 'मुखशोथास आनुवंशिक कारणे असू शकतात.' (मुखशोथ म्हणजे तोंड येणे.) ते वाचल्यापासून हे आईकडून आलं की बापाकडून यावरून घरात धुसफूस सुरू आहे. हे वाक्य बरोबर आहे का, आणि साध्या मराठीत ते कसं सांगायचं?

ताई, आधी 'आनुवंशिक' बघू. अनु म्हणजे मागोमाग, वंश म्हणजे कूळ. (पहिलं अक्षर 'आ'च, 'अनुवंशिक' हे चुकीचं रूप फार पसरलंय.) आपल्या बोलण्यात हा शब्द घराण्यात चालत आलेल्या आजाराला लागतो. आज्जाला मधुमेह, बापाला मधुमेह, म्हणजे आनुवंशिक. त्यामुळे आईच्या कानावर हा शब्द पडला की तिला 'तुमच्या घराण्यातला दोष' एवढंच ऐकू येतं. तिथे 'जनुकीय' हवं होतं. जनुक, म्हणजे इंग्रजीतला 'जीन', हा 'जन्' धातूवरून केलेला शब्द, त्यात कुळाचा उल्लेखच नाही. शिवाय त्याचा आवाका मोठा आहे. भाच्याच्या कॅन्सरच्या पेशींत झालेले बदल जनुकीयच आहेत, पण त्यातले बहुतेक त्या पेशींतच घडलेले असतात, त्यांना आनुवंशिक म्हणता येत नाही.

आपल्या सीमाभागात ही गल्लत होण्याला एक जास्तीचं कारण मला दिसतं. कन्नडमध्ये जनुकाला 'वंशवाही' म्हणतात. ज्याचं शास्त्राचं शिक्षण कन्नडमध्ये झालंय, तो मराठी करायला बसला की 'वंश' आपोआप हाताशी येतो. बेळगाव-निपाणीकडे दोन्ही भाषा एकाच घरात नांदतात, म्हणून त्याला दोष द्यायला माझं मन होत नाही.

आता मूळ गोष्ट. तोंडाच्या आतलं अस्तर एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं. किमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर पडतो, त्यात कॅन्सरबरोबर हे अस्तरही सापडतं. साधारण आठवडाभराने तोंड लाल होतं, मग सोलून निघतं. पण एकच औषध त्याच बेताने दिलं तरी एका पोराला नुसती चुरचुर होते आणि दुसऱ्याला पाणी गिळवत नाही. या फरकात जनुकांचाही वाटा असावा म्हणून शोध चालू आहे. उदाहरणार्थ, मेथोट्रेक्सेट हे किमोतलं औषध शरीराचा फोलेट या जीवनसत्त्वाचा व्यवहार अडवतं. फोलेटशीच संबंधित एमटीएचएफआर नावाच्या जनुकात ६७७ क्रमांकाच्या जागी काहींना डीएनएच्या एका अक्षराचा फरक असतो. त्या मुलांना तोंडाचा त्रास जास्त होतो असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत दिसलं नाही. हा फरक आईबापांकडूनच येतो हे खरं. पण त्या दोघांचं तोंड त्याने कधी आलेलं नसेल, कारण ते औषध त्यांच्या पोटात कधी गेलंच नाही. म्हणून 'कारण' हा शब्दही मला तिथे खटकतो. 'वाटा' म्हणावं.

यासाठी आपल्याकडे एक नेमकं क्रियापद आहे: बाधणे. एका पंगतीत बसून एकाला वांगं बाधतं, शेजारच्याला बाधत नाही, आणि त्यात कुणी कुणाचं घराणं काढत नाही. औषधाचंही तसंच सांगता येतं. फक्त 'बाधणे' म्हणा, 'बाधा' म्हणू नका. बाधा म्हटलं की आज्जी लिंबू उतरवायला घेईल.

'मुखशोथ' कागदावर राहू दे, घरात 'तोंड आलंय' हेच म्हणा. डोळे येतात, तसं तोंड येतं. या 'येणे'त कुणी काही केल्याचा ठपका नाही, हे मला त्यात फार आवडतं. कन्नड नर्स 'बाई हुण्णु' म्हणेल, बाई म्हणजे तोंड आणि हुण्णु म्हणजे व्रण. मात्र तोंड येणे म्हटलं की आपल्याला लगेच 'उष्णता वाढली' आठवतं आणि जाईचा पाला चघळायला दिला जातो. किमोत पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, सोललेल्या जागेतून जंतू आत शिरतात. म्हणून 'किमोने तोंड आलंय' असं पूर्ण म्हणा, आणि घरचं काही द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

डॉक्टर हा त्रास ० ते ४ अशा पायऱ्यांत मोजतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या मोजणीत खाणंपिणं हीच मुख्य खूण आहे. वहिनीला आकडे नकोत. तोंड आलंय पण भाकरी खातोय, ही २. नुसती पेजच जाते, ही ३. तोंडाने काहीच घेता येत नाही, ही ४. 'कालपर्यंत भाकरी खात होता, आज पेजेवर आलाय' एवढं तिने सांगितलं तरी डॉक्टरांना पुरेसं कळतं.

पत्रकातल्या वाक्याच्या जागी मी असं लिहीन: 'किमोने काही मुलांना तोंड जास्त येतं. कुणाला कुठलं औषध किती बाधेल, यात जन्मजात जनुकांचाही वाटा असू शकतो. यात आईचा किंवा वडिलांचा दोष नाही.' शेवटचं वाक्य मूळ पत्रकात नसलं तरी गाळू नका, ताई.