घरगुती मसाले-पापड उद्योगांच्या सर्वेक्षणात नफा थेट विचारावा की विक्री-खर्चातून काढावा?

थेट विचारा: "मागच्या महिन्यात सगळा खर्च जाता हातात किती उरले?" विक्री आणि खर्च वेगवेगळे विचारून वजाबाकी करणं कागदावर शास्त्रशुद्ध दिसतं खरं, पण मिरची एप्रिलमध्ये भरली आणि मसाला जूनमध्ये विकला, की एप्रिलमध्ये तोटा दिसतो आणि जूनचा नफा फुगतो. डी मेल, मॅकेन्झी आणि वुडरफ या अर्थतज्ज्ञांनी श्रीलंकेतल्या छोट्या व्यावसायिकांवर हे तपासलं (२००९). थेट प्रश्नाचं उत्तरच जास्त विश्वासार्ह निघालं. विक्री तर लोक सुमारे ३० टक्के कमी सांगत होते. फक्त, थेट विचारलेल्या नफ्याच्या आकड्यात मालकिणीची स्वतःची मजुरीही मिसळलेली असते, म्हणून कामाचे तास आणि घरी वापरलेला माल वेगळा विचारून घ्या.