खांद्यातली गाठ फोडायची नसते

प्रश्न: वय ३९. पतपेढीत दिवसभर संगणकावर काम. उजव्या खांद्यावर, मानेच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ हाताला लागते. दाबली की कळ कानामागून थेट कानशिलात जाते. मालिशवाल्याकडून गाठ ‘फोडून’ घेतली, तर ठणका वाढला. फिजिओथेरपीत सुया टोचतात म्हणे, त्या घ्याव्यात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: वर्णनावरून हा ट्रॅपिझियस स्नायूतला ‘ट्रिगर पॉइंट’ वाटतो. कळ कानशिलात जाणं ही त्याची ओळखीची खूण. कितीतरी जण ती डोकेदुखी समजून गोळ्या घेत राहतात. तिथे फोडण्यासारखं काही नसतं. स्नायूचे थोडे तंतू आखडून ताठ दोरीसारखे झालेले असतात. त्यांना जोरात रगडलं की स्नायू बचावासाठी आणखी आवळतो, म्हणून ठणका वाढला.

घरी असं करा. जुन्या मोज्यात टेनिस बॉल घाला, मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे घेऊन हातात धरा आणि भिंतीला पाठ टेका. बॉल गाठीवर आला की अंग हळूहळू भिंतीकडे रेला. दुखणं दहापैकी पाच-सहापर्यंत आलं की थांबा, ३० ते ६० सेकंद तसेच राहा. श्वास रोखला जात असेल तर दाब जास्त आहे. कळ ओसरली की सोडा; असं तीनदा, दिवसातून एकदोन वेळा. बॉल मणक्यावर किंवा गळ्याच्या पुढच्या बाजूला नको.

लगेच ताण द्या: उजवा हात मांडीखाली दाबून बसा, मान डावीकडे कलवा, ३० सेकंद, तीन वेळा. डावा हात डोक्यावर नुसता ठेवायचा, ओढायचं नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं.

सुयांना ‘ड्राय नीडलिंग’ म्हणतात. सुईत औषध नसतं. ती गाठीत शिरली की स्नायू क्षणभर फडफडतो, मग एकदोन दिवस रग लागते. आराम मिळू शकतो, पण नुसत्या सुयांवर तो फार टिकत नाही. या जागेखाली फुप्फुसाचं टोक असतं, त्यामुळे सुई खोल गेली तर धोका आहे. जाणकार फिजिओथेरपिस्ट स्नायू चिमटीत उचलूनच टोचतात. त्याचं रीतसर प्रशिक्षण झालंय का, ते विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. फिजिओथेरपीत ध्वनिलहरींनी शेक देणाऱ्या अल्ट्रासाउंड मशिनवर पैसे घालू नका, पुरावा कमकुवत आहे.

गाठ परत येते ती खांदा दमतो म्हणून. व्यायामाचा रबर बँड दाराच्या कडीला बांधा, कोपरं मागे खेचा, १२ वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. सहा ते आठ आठवडे धीर धरा. माउस हाताशी आणा, कोपराला आधार द्या, दर अर्ध्या तासाने उठा.

हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. छातीत दडपण वाटलं तर लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न: अशा गाठीला शेक गरम द्यावा की बर्फाचा?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: गरम. पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं, शक्यतो बॉलच्या आधी. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झाली असेल तर पिशवी किती गरम आहे ते दुसऱ्याला बघायला सांगा.