‘फुली अ‍ॅक्रेडिटेड’ म्हणजे नेमकं कोणाकडून?

प्रश्न: ताई, मी अमेरिकेत राहते, ग्रीन कार्ड आहे. मुलं आता शाळेत जातात म्हणून अकाउंटिंगची बॅचलर डिग्री ऑनलाइन करायचं मनात आहे, जमलं तर पुढे सीपीए, म्हणजे इथलं सीए. एक कॉलेज बघून ठेवलंय, फी कमी आहे, वेबसाइटवर मोठ्या अक्षरात ‘फुली अ‍ॅक्रेडिटेड’ लिहिलंय आणि अ‍ॅडमिशनवाले रोज फोन करतायत की शुक्रवारच्या आत नाव नोंदवा, डिस्काउंट मिळेल. नवरा म्हणतो डिग्री ती डिग्री, कुठूनही घे. या अ‍ॅक्रेडिटेशनचं खरंच एवढं असतं का?

उत्तर: असतं, आणि फी बघायच्या आधी ते बघायचं असतं. शुक्रवार जाऊ दे, डिस्काउंट गेला तरी चालेल पण घाईत सही करू नका.

अमेरिकेत सरकार स्वतः कॉलेजला अ‍ॅक्रेडिटेशन देत नाही. कॉलेजचा दर्जा तपासून मान्यता द्यायचं ते काम वेगळ्या संस्था करतात, आणि त्यातल्या कुठल्या संस्था विश्वासाच्या हे शिक्षण खातं, म्हणजे यूएस डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशन, किंवा ‘चिया’ नावाची बिगरसरकारी परिषद ठरवते. म्हणून ‘अ‍ॅक्रेडिटेड’ हा नुसता शब्द बघून काही कळत नाही, कोणी दिलंय ते विचारायचं. आणि इथेच लोक फसतात, कारण बोगस कॉलेजवाले बोगस अ‍ॅक्रेडिटेशन संस्थासुद्धा काढून ठेवतात, भारदस्त नाव, झकास वेबसाइट, सगळं. 2015 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं, त्यात शेकडो खोट्या शाळा-युनिव्हर्सिट्यांच्या साइट्स निघाल्या आणि त्यांना मान्यता देणाऱ्या खोट्या संस्थाही त्यांच्याच. तेव्हा कॉलेजच्या साइटवरची लिंक दाबून खात्री करू नका. शिक्षण खात्याचा ‘डॅपिप’ (DAPIP) नावाचा डेटाबेस आहे, तो स्वतः उघडा, कॉलेजचं नाव टाका, स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा (नामांकित युनिव्हर्सिटीच्या नावात एखादा शब्द इकडचा तिकडे केलेला असतो). ‘स्टेट लायसन्स्ड’ म्हणजे अ‍ॅक्रेडिटेड नाही, तो फक्त राज्यात कॉलेज चालवायचा परवाना. ‘कँडिडेट’ लिहिलं असेल तर मान्यतेची प्रक्रिया अजून चालू आहे.

नवऱ्याला सांगा, डिग्री ती डिग्री नसते. फाफसा हा सरकारी मदतीचा अर्ज भरून मिळणारी पेल ग्रँट (सहसा परत न फेडायची मदत), फेडरल लोन हे सगळं मान्य संस्थेने अ‍ॅक्रेडिट केलेल्या कॉलेजमध्ये शिकणाऱ्यालाच मिळू शकतं, ग्रीन कार्डवर तुम्हीही अर्ज करू शकता, मग ते का सोडायचं. सीपीएसाठी बहुतेक राज्यांची बोर्डं डिग्री अ‍ॅक्रेडिटेड कॉलेजचीच मागतात, म्हणजे चार वर्षं रात्री जागून अभ्यास करायचा आणि परीक्षेच्या दारातूनच परत यायचं, हे मला तुमच्या बाबतीत होऊ द्यायचं नाहीये. टेक्सासमध्ये तर बोगस डिग्री दाखवून नोकरी मिळवणं हा गुन्हा आहे.

आता क्रेडिट ट्रान्सफर, म्हणजे एका कॉलेजात केलेला अभ्यास दुसऱ्या कॉलेजने धरणं, हे फारसं कोणी समजावून सांगत नाही. पूर्वी मान्यता देणाऱ्या संस्थांचे ‘रीजनल’ (ठराविक राज्यांपुरत्या) आणि ‘नॅशनल’ (देशभरच्या) असे दोन प्रकार होते. जुलै 2020 पासून शिक्षण खात्याने तो भेद काढला, पण कॉलेजांच्या डोक्यातून तो गेलेला नाही, नॅशनलवाल्यांची क्रेडिट्स घ्यायला रीजनलवाली अनेक कॉलेजं आजही नाही म्हणतात. म्हणजे कॉलेज शंभर टक्के खरं असूनही तुम्ही अडकू शकता. ऑनलाइन शिक्षणात नावाजलेली ‘डीईएसी’ ही नॅशनल प्रकारातली संस्था, 1926 पासूनची, खरी आणि मान्यताप्राप्त, तरी पुढे मास्टर्स करायचं असेल तर त्या युनिव्हर्सिटीला आधी विचारून घ्या.

आणि अ‍ॅक्रेडिटेशन देणाऱ्या संस्थेचीच मान्यता जाऊ शकते. एसीआयसीएस नावाच्या अशाच एका संस्थेची 2016 मध्ये गेली, 2018 मध्ये परत मिळाली, 2022 मध्ये पुन्हा गेली. अशा वेळी कॉलेजला दुसरी संस्था शोधायला 18 महिने मिळतात. तिच्याच यादीतली आयटीटी टेक ही कॉलेजांची साखळी सप्टेंबर 2016 मध्ये अचानक बंद झाली, हजारो मुलं मधेच लटकली. म्हणून संस्थेचं नाव कळलं की तिच्यावर सध्या काही कारवाई चालू आहे का तेही बघा.

‘अनुभवावर आठवड्यात डिग्री’ असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. चांगली कॉलेजं अनुभवाची काही क्रेडिट्स देतात, पण तपासून, पूर्ण डिग्री नाही.

आजच दोन ईमेल करा, एक तुमच्या राज्याच्या अकाउंटन्सी बोर्डाला आणि एक पुढे जिथे मास्टर्स करावंसं वाटतंय त्या युनिव्हर्सिटीला: या कॉलेजची डिग्री तुम्ही धरता का? उत्तर लेखीच घ्या, फोनवरचं धरू नका. अ‍ॅडमिशनवाल्यांना फक्त अ‍ॅक्रेडिटेशन देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव विचारा. ते सांगायला जर त्यांनी आढेवेढे घेतले तर दुसरं कॉलेज बघायला लागा, आणि नाव मिळालं तर मला कळवा, आपण दोघी यादीत शोधू.